बिनबारशाचे आकडे

आमच्या ऑफिसातल्या बाईंना नुसता आकडा सांगून चालत नसे. बाहेर ऊन किती आहे असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही "चाळीस" म्हणालात, की त्या चष्म्याच्या वरून बघत विचारायच्या, "चाळीस काय?" आणि तुम्ही "अंश" म्हणेपर्यंत तशाच बघत राहायच्या. पहिल्यांदा माणसाला वाटे, चेष्टा चाललीय. मग राग येई. पुढंपुढं तो न विचारताच "चाळीस अंश" म्हणू लागे. तेव्हा बाई खुशीत मान हलवून पुन्हा भडंगाच्या कागदात हात घालायच्या. भडंग डाव्या हातानं खायचं आणि टायपिंग उजव्या हातानं करायचं, असं त्यांनी कामाचं वाटप करून ठेवलं होतं. त्यामुळं त्यांच्या कीबोर्डाला कधी तेलाचा डाग लागला नाही.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली मशिन सुरू झालं की वर चहाच्या कपात गोल लाटा उठायच्या. आम्ही लोखंडी छपरांचे आणि शेडचे हिशेब करणारा प्रोग्राम लिहीत होतो. खांबावर भार किती येणार, वारा छप्पर किती उचलणार, तुळई किती वाकणार, हे तो काढून द्यायचा आणि कोल्हापूर-सांगलीकडचे डिझाइन करणारे इंजिनिअर तो विकत घ्यायचे. मालक स्वतः इंजिनिअर होता. शिरोळकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, वयानं बाईंपेक्षा बराच लहान. बाई आधी कॉलेजात गणित शिकवायच्या, म्हणून तोही त्यांना बाईच म्हणायचा.

बाई मात्र आम्हाला नावानं हाक मारत नसत, तालुक्यानं मारत. मी चंदगड. पलीकडं बसणारा कागल. "काय चंदगड, जेवलास काय?" एकदा माझ्या बहिणीच्या लग्नाला त्या एसटीनं आमच्या गावी आल्या. वाटेत त्यांनी कंडक्टरला विचारलं, "चंदगड आता किती लांब ऱ्हायलं?"

"दीड तास," कंडक्टर म्हणाला.

"लांब किती इचारलं. तास का सांगताय?"

"बाई, फुडं घाट हाय, वरनं पाऊस. किलोमीटर सांगून तुमी काय करणार?"

बाईंनी खिडकीतून समोरच्या घाटाकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचं. माप बदललं, पर सांगून बदललं." पुढं कितीतरी दिवस त्या कंडक्टरचं कौतुक ऑफिसात ऐकू यायचं. एवढं कौतुक त्यांनी आमच्यापैकी कुणाचं केल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या बोलण्याची एक खूण होती. ती कळायला मला बरेच दिवस लागले. एरवी त्या आपल्या मलकापूरच्या भाषेत बोलत. आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं "मी आलो", "मी जातो" म्हणत. पण राग चढला की त्यांची भाषा शुद्ध होत जाई. "न्हाय"चं "नाही" झालं की समजायचं, आभाळ भरलंय. "मी जातो"चं "मी जाते" झालं, की शहाण्यानं चहाच्या निमित्तानं खाली उतरावं.

कॉलेज त्यांनी का सोडलं याच्या कथा बऱ्याच होत्या. मी एकदा सरळ त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, पेपर तपासताना ज्या उत्तराला माप लिहिलेलं नसे तिथं त्या मार्कच देत नसत. शून्यही नाही. जागा कोरी सोडत.

"शून्य म्हंजे चुकलं," त्या म्हणाल्या. "ती पोरं चुकली असं मी कुठं म्हणतो? उत्तर पाच हाय. पाच काय, ते मला माहीत न्हाय. मग मार्क कशाचं देऊ?"

"मग?"

"मग काय. प्राचार्य म्हणाले, बेरीज कशी करायची? मी म्हटलं, करू नका."

एका वर्षानंतर त्यांना पुन्हा पेपर मिळाले नाहीत, आणि मग तासही मिळाले नाहीत. हे सांगताना त्यांच्या आवाजात कसलीच तक्रार नव्हती. पाऊस पडला, थांबला, अशा सुरात त्यांनी ते सांगितलं.

आता त्यांच्या खऱ्या कामाविषयी. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची चौकट. आडव्या ओळी, उभे रकाने, प्रत्येक घरात एक आकडा. छपराचा हिशेब म्हणजे अशा मोठमोठ्या चौकटींचा गुणाकार. या चौकटी आम्ही मुळापासून लिहिल्या नव्हत्या. परदेशातल्या काही मंडळींनी गणिताची एक लायब्ररी तयार करून सगळ्यांना फुकट वापरायला दिली होती, त्यातली तयार मॅट्रिक्स आम्ही घेतली होती. तिला बेरीज येई, गुणाकार येई, तिला उलटी करता येई. फक्त आपल्या घरांतले आकडे किलो आहेत की न्यूटन, मीटर आहेत की मिलिमीटर, हे तिला ठाऊक नसे. एक किलोचा भार म्हणजे जवळजवळ दहा न्यूटन. एकाच्या जागी दुसरं धरलं, की दहापट फरक. आमचे जुने इंजिनिअर किलोत विचार करत आणि प्रोग्राम न्यूटनमध्ये. मॅट्रिक्सच्या लेखी सगळे नुसतेच आकडे.

बाईंना हे सहन होण्यासारखं नव्हतं. लायब्ररीत एक सोय होती. तिच्या मॅट्रिक्सला आई धरून आपल्याला आपली एक लेक काढता येई. आईचं सगळं लेकीला आपोआप यायचं, आणि वर आपल्याला पाहिजे ते तिला शिकवता यायचं. बाईंनी अशी एक लेक काढली आणि तिच्या गळ्यात मापाची चिठ्ठी अडकवली. न्यूटनला मीटरनं गुणलं, तर चिठ्ठीवर आपोआप न्यूटन-मीटर यायचं. किलोत न्यूटन मिसळायला गेलं, तर प्रोग्राम थांबायचा आणि पडद्यावर अक्षरं यायची: माप जुळत नाही. पहिल्यांदा ती अक्षरं आली तेव्हा बाईंनी सगळ्या ऑफिसला भडंग वाटलं.

मग एक घोळ उघडा पडला. मोठ्या चौकटीतला एखादा रकाना कापून घेतला, की तो तुकडा दिसायला लेकच असायचा, पण गळ्यातली चिठ्ठी कोरी. बाई कितीतरी दिवस कॉम्प्युटरकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसल्या. विचार करायचा असला की त्या तशाच बसत. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"चंदगड, हिकडं ये. लेक जन्माला कशी येती?"

मी कावराबावरा झालो.

"आरं, मॅट्रिक्सची! तीन वाटंनं येती बघ. एक, आपण हातानं घडवतो. दोन, साधी चौकट समोर येती आणि आपण तिलाच म्हणतो, आजपासनं तू लेक. तीन, लेकीतनं तुकडा कापला, की लायब्ररी परस्पर दुसरी लेक काढून देती. मी बारसं घातलंय कुठं? पयल्या वाटंवर. बाकीच्या दोघी बिनबारशाच्या हिंडायल्यात."

तिन्ही वाटांवरून येणारी लेक शेवटी ज्या एका दारातून आत येते, असं दार लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ठेवलेलं होतं. बाईंनी बारसं तिथं हलवलं. तुकडा ज्या चौकटीतून कापला, तिची चिठ्ठी आता तो घेऊन यायचा. प्रश्न राहिला दुसऱ्या वाटेचा. गिऱ्हाइकानं भरलेले आकडे साध्या चौकटीतून यायचे आणि गिऱ्हाइकानं मापाचा रकाना रिकामा सोडलेला असायचा. त्या चिठ्ठीवर काय लिहायचं?

"न्यूटन धरू या," मालक म्हणाला. "सगळे तेच घालत्यात."

"न्हाय. कोरं ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या. "आणि कोरी चिठ्ठी घिऊन कोण गुणाकाराला आलं, की थांबायचं. माप सांगा म्हणायचं."

"लोक कटाळतील ओ."

"कटाळू देत. कोरं चालतंय. अंदाजानं दुसऱ्याचं लावायचं न्हाय."

हेच वाक्य मी त्यांच्या तोंडून आणखी एकदा ऐकलं, पण ते ऑफिसात नाही. ऑफिस सोडल्यावर त्या मलकापूरला थोरल्या बहिणीकडं राहायला गेल्या आणि मुलींच्या शिकवण्या घेऊ लागल्या. एकदा त्या बाजूला गेलो होतो तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती, शेजारी फळा. त्यांचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, घरानं बौद्ध धर्म घेतल्यावरच त्यांचा जन्म झाला, पण पहिलीत घालताना मास्तरांनी वडलांना काही न विचारताच जुनी जात लिहून टाकली. वडील दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून शाळेत गेले. मास्तर म्हणाले, माहीत नव्हतं, म्हणून नेहमीचं लिहिलं. वडील म्हणाले, माहीत न्हवतं तर कोरं ठेवायचं हुतं.

मला वाटलं, सापडलं. मी म्हणालो, "म्हणून तुम्ही मापाच्या एवढ्या मागं लागता होय?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भलत्याच गणिताचं उत्तर दिलंय. "त्येचा काय संबंध? मला पयल्यापासनं तसंच आवडतंय." आणि त्यांनी विषय बदलला. मी तो तसाच सोडून दिला.

ते सगळं नंतरचं. ऑफिस सुटलं ते एका छपरापायी.

त्या वर्षी बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून बाई काही दिवस रजेवर होत्या. परत आल्या त्या सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणं प्रोग्रामला एक कोरी चौकट दिली. त्या रोज अशी परीक्षा घेत. प्रोग्रामनं थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. त्यानं उत्तर दिलं.

बाईंचा डावा हात भडंगाच्या कागदावरून बाजूला झाला. "ही थांबली का नाही?"

मी ते "नाही" ऐकलं आणि मान वर केली.

मालक आपल्या टेबलावरून म्हणाला, "बाई, मी बदललं ते. प्रोग्रामातली एक वळ बदलली. कोरं आलं तर न्यूटन धरायचं. फोनवर फोन यायलेत ओ, तुमचा प्रोग्राम सारखा अडतोय म्हणून."

"लोकांनी किलो घातले असतील तर?"

"न्हाय घालत. सगळ्यास्नी सांगून ठेवलंय, न्यूटनच घाला."

"सांगणं वेगळं आणि घालणं वेगळं. कुणाकुणाला दिलं हे?"

तीन इंजिनिअरांना दिलं होतं. मालकाला सांगलीला जायचं होतं, तो निघून गेला. बाईंनी तिघांना फोन लावले. दोघांनी नवा प्रोग्राम अजून उघडलाही नव्हता. तिसरे अण्णा. जुने, नावाजलेले डिझायनर. रंकाळ्याच्या पलीकडं एक मंगल कार्यालय बांधलं जात होतं, त्याचं छप्पर त्यांनी याच प्रोग्रामवर केलं होतं.

"आजच कैच्या चढवायलेत," अण्णा म्हणाले. छपराच्या लोखंडी तिकोनी सांगाड्यांना आमच्याकडं कैच्या म्हणतात.

"वाऱ्याचा भार कशात घातला होतात?"

"आता ते आठवतंय व्हय? उत्तर बघितलं मी, बरोबर वाटतंय. येवढी वर्षं काम करतोय, नजरंला कळतंय की."

बाईंनी फोन ठेवला, छत्री घेतली आणि जिना उतरल्या. मीही मागोमाग उतरलो. त्यांनी मला ये म्हटलं नव्हतं. त्यांच्या शुद्ध मराठीची मला भीती वाटली असावी.

रिक्षातून पोचलो तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि वर आभाळ होतं. दोन कैच्या चढल्या होत्या, तिसरी दोरखंडानं क्रेनला बांधून जमिनीवर तयार होती. बाईंनी एक खुर्ची मागितली. पाहुण्या असतील समजून कार्यालयाच्या मालकानं लाल प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. बाईंनी ती उचलली, नेमकी जिच्यावरून कैची फिरत वर जाणार त्या जागी नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

ठेकेदार धावत आला. दणकट माणूस, आवाज त्याहून दणकट. "ओ मावशी! हितं न्हाय बसायचं! वरनं लोखंड जाणार हाय!"

"म्हणूनच बसले आहे. वाऱ्याचा भार किलोत धरला की न्यूटनमध्ये, ते मला सांगा. मी उठते."

ठेकेदारानं माझ्याकडं बघितलं. "पावणं, कोण ह्या? घरात न सांगता आल्यात काय?"

"छपराचा हिशेब ज्या प्रोग्रामवर झालाय, तो यांनी लिहिलाय," मी म्हणालो.

तो जरा नरमला. "मग हिशेब चुकलाय?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"चुकलाय का बरोबर हाय, येवढं सांगा की."

"तेच माहीत नाही म्हणते आहे."

"आवो बाई, चुकलाय म्हणा, थांबवतो. बरोबर हाय म्हणा, चढवतो. माहीत न्हाय ह्येचं मी काय करू?"

"थांबा. माहीत नसलं की थांबायचं."

गडी हसायला लागले. क्रेनवाल्यानं इंजिन बंद करून विडी पेटवली. कार्यालयाचा मालक हात जोडून पुढं आला. "बाई, हितलं पयलं लगीन माझ्या पोरीचं हाय. तारीख धरलीया. असं आडवं येऊ नका."

"मग छपराखाली तुमचीच माणसं बसणार," बाई म्हणाल्या. मग त्यानंच खिशातून फोन काढून अण्णांना बोलावलं.

अण्णा स्कूटरवरून आले ते लालबुंद होऊन. पण बाईंशी वाद घालत बसले नाहीत. ठेकेदाराच्या जीपच्या बॉनेटवर कागद पसरून त्यांनी प्रोग्रामला बाजूला ठेवून, पेन्सिलीनं, अगदी पहिल्यापासून हिशेब मांडायला घेतला. ऊन चढलं. बाई डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत तशाच. मी छत्री धरायला गेलो, तर म्हणाल्या, "कागदावर धर. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येतंय." मी अण्णांवर छत्री धरून उभा राहिलो. वाऱ्याचा भार मांडताना अण्णांची पेन्सिल थांबली. ते मागचे कागद उलटू लागले, पुन्हा उलटू लागले. चेहऱ्यावरचा राग उतरून तिथं दुसरंच काहीतरी आलं. नजरेला कळतंय म्हणणाऱ्या माणसाला आपण काय भरलं होतं ते खरोखरच आठवत नव्हतं. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीनं पुसला आणि किलोनं एकदा, न्यूटननं एकदा, असा दोन्ही अंगांनी हिशेब करून प्रोग्रामच्या उत्तराशी ताडून बघितला.

दुपार टळत आली तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला. "न्यूटनच घातलेत, बाई. सगळं बरोबर हाय. उठा आता."

बाई उठल्या, पण आधी बॉनेटपाशी गेल्या. प्रत्येक ओळीवर बोट ठेवत त्यांनी तो सगळा हिशेब वाचला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय."

त्यांनी स्वतः खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि ठेकेदारासमोर उभ्या राहिल्या. "तुमचा दीस खाल्ला. माफ करा."

"येवढं करून बरोबरच निघालं व्हय?" तो म्हणाला. गडी पुन्हा हसले. कुणीतरी शिट्टी मारली.

"बरोबर हुतंच," बाई म्हणाल्या. "पर आता माहीत झालं."

परतीच्या रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या होत्या. मला राहवलं नाही. "बाई, थोडंसं चुकलेलं निघालं असतं तर बरं वाटलं असतं ना?"

त्या एकदम वळल्या. "येडा हाईस काय? माणसं बसणार हाईत त्याखाली."

ती गोष्ट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उद्यमनगरभर झाली. लोक खुर्चीवाल्या बाई म्हणून विचारायला लागले. अण्णांनी मालकाला फोन करून सांगितलं, तुमचा प्रोग्राम चांगला असेल, पण माणसं चढत्या छपराखाली येऊन बसणार असतील तर मला नको. मालकानं फोन ठेवला आणि कपाळाला हात लावून बसला. बाई त्याच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मालक, मी जातो."

मी कान टवकारले. "जातो" म्हणाल्या होत्या. राग नव्हता.

"बाई, जावा असं मी कुठं म्हणालो?"

"तुमी म्हणला नसता. पर गिऱ्हाइकाला काय तरी सांगाय पायजे न्हवं? ती बाई गेली म्हणून सांगा. येतील परत. तेवढी वळ मात्र पयल्यासारखी करा."

"आवो, पर बरोबर निघालं की त्येंचं! मग कशाला?"

बाई चष्म्याच्या वरून बघू लागल्या. उभ्याच राहिल्या, चाळीस अंश म्हणेपर्यंत राहायच्या तशा. मालकानं खुर्ची पुढं ओढली, प्रोग्राम उघडला आणि स्वतः केलेली ती ओळ स्वतःच खोडून जुनी लिहिली.

"चालवून दावा," बाई म्हणाल्या.

त्यानं कोरी चौकट दिली. प्रोग्राम थांबला. माप सांगा.

बाईंनी मान हलवली. भडंगाचा उरलेला पुडा कागलच्या टेबलावर ठेवला, मला "बरं हाय चंदगड" म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. त्यांच्यानंतर ते टेबल बरेच दिवस तसंच होतं. नवीन माणूस घ्यायचं मालक रोज म्हणायचा आणि घेत नव्हता.

थोड्या दिवसांनी इचलकरंजीहून एका इंजिनिअराचा फोन आला. फोन मालकानंच उचलला. पलीकडचा आवाज इतका चढलेला होता, की मला माझ्या टेबलावर ऐकू येत होता. प्रोग्राम अडून बसलाय, पार्टी समोर बसलीय, लगेच दुरुस्त करून द्या.

मालक सगळं ऐकून घेत होता. त्याचा एक हात टेबलावरच्या पेनाशी चाळा करत होता.

"दुरुस्तच हाय तो," शेवटी तो म्हणाला. "तुमचं आकडं कशात हाईत, किलो का न्यूटन?"

पलीकडचा आवाज एकदम उतरला. मग कसलंसं पुटपुटणं.

"ठावं न्हाय व्हय?" मालक म्हणाला. "मग ज्येनं काढल्यात त्येला इचारून या. तंवर थांबू दे त्येला."